उजवीकडची मोकळी जागा

कृष्णातनं टेबलावरचं मशीन उचलून त्या चौघांच्या म्होरक्याच्या एका हातात दिलं, दुसऱ्या हातात हातोडा दिला, आणि मागं सरकून बुद्धभूषणला म्हणाला,

"इंजिनेर, घड्याळ लाव. टेस्टिंग सुरू."

"मामा, एकच मशीन हाय आपल्याकडं!"

"म्हणूनच की. दोन असती तर एक मीच फोडलं असतं."

पोरं फोडायच्याच तयारीनं आली होती. शिवाजी उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कानडी अक्षरांची मशीनं बनतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात सोडलं होतं. आल्या आल्या त्यांनी दारातली फळी लाथेनं आडवी केली, कॅलेंडर फाडलं, आणि बुद्धभूषणची कॉलर धरून त्याला भिंतीला असा चिकटवला, की त्याचे पाय वितभर वर लोंबायला लागले. पण फोडायला आलेल्या माणसाच्या हातात आपणच हातोडा दिला की गडी घोटाळतो. म्होरक्या घोटाळला. त्यानं कॉलर सोडली. मागं त्याचेच तिघं बघत उभे होते, त्यामुळं आता मारणं भाग होतं.

त्यानं मशीन फरशीवर ठेवलं आणि हाणला. हातोडा रबरावरनं उसळून त्याच्याच नडगीवर बसला.

"आयाऽऽ!"

"पैला नंबर पास," कृष्णात म्हणाला. "आता भिंतीवर हाणा. खांद्यातनं फेका जरा. काय मर्दा, सकाळी न्याहरी केली न्हाईस काय?"

मग मात्र पोरं पेटली. मशीन भिंतीवर आदळलं, पत्र्यावर आदळलं, लेथच्या पायाखाली गेलं. एकानं त्याच्यावर दोन्ही पायांनी उडी घेतली आणि घसरून ढुंगणावर आपटला. शेजारच्या फाउंड्रीतली माणसं हातातलं काम टाकून दारात गोळा झाली आणि नेमकं कुठं मारायचं ते ओरडून सांगायला लागली. शेवटी पोरांचाच दम संपला. कृष्णातनं मशीन उचललं, शर्टाला पुसलं आणि डाव्या अंगठ्यानं एक बटण दाबलं. अर्ध्या विटेएवढा तो करडा डबा जरा कुरकुरला, आणि त्याच्या चार ओळींच्या पडद्यावर उजेड आला.

दारातल्या गर्दीनं शिट्ट्या मारल्या. उजव्या कडेचं एक बटण तेवढं उडालं होतं.

"जाऊ दे ते," कृष्णात म्हणाला. "तिकडं तसंबी कोण फिरकत न्हाय."

मग चहा आला. म्होरक्या नडगी चोळत बसला होता, त्याला कृष्णातनं शेजारी ओढलं.

"हे बटन बग. ह्याच्यावर आपला क हाय. त्यांचा क बी ह्याच्यावरच. त्यांची बाराखडी बी क ख ग घ अशीच चालती रं. मग बटनं दोन-दोन कशाला करायची? तू आन तुझा भाऊ काय दोन चुलींवर जेवता काय?"

"व्हय," म्होरक्या म्हणाला. "आमची वाटनी झालीया."

कृष्णातनं चहा संपवला आणि कप पालथा ठेवला.

मशीन दूध संघासाठी होतं. गावोगावच्या दूध संस्थेत सकाळी रांग लागते. सेक्रेटरीनं दूध घालणाऱ्याचं नाव टिपायचं, लिटर टिपायचं, फॅट टिपायची. दोन हजार चार साल सुरू होतं, आणि हे सगळं आता हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर करायचं असं संघानं मनावर घेतलं होतं. सीमेकडच्या गावांत निम्मी नावं मराठी, निम्मी कानडी, आणि संघाच्या हापिसात सगळं इंग्रजीत लागायचं. भाषा तीन, डबा तळहाताएवढा. बुद्धभूषण पुण्यातली चांगली नोकरी सोडून ह्याच्या मागं लागला होता, आणि त्याची आई रोज जेवताना विचारायची, की ते तुझं खेळणं कधी चालायचं. प्लॅस्टिक आणि रबराच्या डाय, म्हणजे साचे, कृष्णातचे, डोकं बुद्धभूषणचं, आणि शिव्या दोघांच्या मिळून.

कुठलं अक्षर कुठं ठेवायचं, हे ठरवायला बुद्धभूषणला दिवसभर टाइप करणारा कुणीतरी पाहिजे होता. आधी त्यानं फाउंड्रीतला एक गडी बसवला. त्याच्या अंगठ्याखाली पहिल्याच दिवशी पडदा तडकला. मग टायपिंग क्लासची एक बाई आणली. तिला दहा बोटं ठेवायला जागा पाहिजे होती. तिनं दोन बोटं ठेवली आणि पर्स उचलून निघून गेली. राहिला कृष्णात.

"काय टाइप करू?"

"मनात येईल ते करा की मामा."

कृष्णातच्या मनात जे आलं ते त्यानं महिना दोन महिने टाइप केलं. 'कडू बेण्या.' 'रानडुकरा, तुझं टाळकं फोडीन.' 'तुझ्या मिशीला आग लागू दे.' 'तुझा कधी न चुकणारा नेम एकदा तरी चुकू दे.' आडवं पाडून कुठं कुठं लाथा घालणार, याचं सविस्तर वर्णनही त्यात असायचं. सगळं एकाच माणसाला उद्देशून. बुद्धभूषण वाचायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"मामा, हे कुणाला चाललंय?"

"हाय एक जुनं गिऱ्हाईक."

जिथं कृष्णातचा अंगठा चुकायचा, तिथलं बटण बुद्धभूषण उचलायचा आणि अंगठ्याच्या वाटेत आणून ठेवायचा. चुकलं की सरकव, चुकलं की सरकव. असं करत करत सगळी बटणं डावीकडं गोळा झाली. उजव्या कडेचं ते एकटं बटण पोरांनी उडवलं, ते परत बसवलंच नाही. तिथं रबराची बोटभर मोकळी पट्टी राहिली. बुद्धभूषण खूश होता. सेक्रेटरी उजव्या हातानं माप धरणार, डाव्या हातानं टाइप करणार, झकास. एका माणसाच्या अंगठ्यावर बेतलेली मांडणी सगळ्या जिल्ह्याला बसेल, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

गाडी चालवताना सोडला, तर कृष्णातचा उजवा हात कायम खिशात असायचा. त्या हाताचा अंगठा मुळातनं मेलेला. वाळलेल्या भेंडीसारखा तळव्याला चिकटून बसलेला. कसं झालं म्हणून विचारलं, की दरवेळी नवं उत्तर. पंचगंगेत मगरीनं धरलं. मेव्हण्याच्या वरातीत तोफेत गेला. तमाशातल्या बाईनं चावला. बुद्धभूषणला त्यानं सांगितलं होतं, की रबर दाबायच्या प्रेसमध्ये सापडला. बुद्धभूषणनं त्या दिवसापासनं शेडमधल्या प्रेसला जाळी बसवून घेतली होती.

संघाचे साहेब शेडवर आले ते पावसाळा सरताना. त्यांनी मशीन हातात घेऊन वजन केलं, उलटंसुलटं केलं, आणि खिशातला रुमाल काढून बोटं पुसली.

"पुण्याच्या कंपनीचंही एक मशीन आलंय. दोन्ही एकाच गावात चालवून बघू. आधी त्यांचं, दुसऱ्या दिवशी तुमचं. सकाळचा टँकर यायच्या आत रांग संपली पाहिजे. संपली तर तुमचं, नाहीतर त्यांचं. गाव कुरणवाडी. तिथं दोन्ही भाषांचे सभासद आहेत, आणि सेक्रेटरी बाळासो कडक माणूस आहे. उगाच कुणाला पास करायचा नाही."

कृष्णात साहेबांसाठी खुर्ची पुसत होता. त्याचा फडका खुर्चीवर होता तिथंच थांबला.

"दुसरं गाव न्हाय काय साहेब? तिथली लोकं जरा मारकुटी हायत."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकलंय," कृष्णात म्हणाला, आणि पुसलेली खुर्ची परत पुसायला लागला.

कुरणवाडी कृष्णातचं गाव. बाळासो त्याचा सख्खा थोरला भाऊ. गाव सीमेला टेकलेलं, तिथं थोरल्या भावाला आण्णा म्हणायची चाल, म्हणून तो आण्णा.

आण्णाचा नेम साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होता. लहानपणी कृष्णात खोडी काढून पळाला, की आण्णा बसल्या जागेवरनं चप्पल फेकायचा. कृष्णात नागमोडी पळो, नाहीतर भिंतीआड जावो, चप्पल त्याच्या टाळक्यातच बसायची. दगड, कणीस, शेणाचा गोळा, हाताला येईल ते. आण्णानं फेकलं आणि चुकलं, असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

आणि कृष्णातची खोडी थांबली, असंही कुणी बघितलं नव्हतं.

दिवाळी पाडव्याला म्हशी पळवायचा नाद कोल्हापुरातनं त्यांच्या गावातही आलेला. म्हशीला धुऊन काळी कुळकुळीत करायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मालकानं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर बसून हाळी द्यायची, आणि त्या हाळीमागं म्हशीनं सुसाट पळत सुटायचं. दावं नाही, काठी नाही, नुसत्या आवाजावर. आण्णाची म्हैस मैना दरवर्षी पहिली. कृष्णातला सगळ्या गावाचे आवाज काढता यायचे, सरपंचाच्या खोकल्यापासनं. एका पाडव्याला त्यानं चावडीच्या वळणावर गर्दीच्या मागं लपून आण्णाची हाळी काढली. लोकांनी हसावं, आण्णाची फजिती व्हावी, एवढाच बेत. भर वेगात असलेली मैना ताडकन मागं वळली. मागनं येणाऱ्या दोन गाड्या तिच्या अंगावर चढल्या आणि ती मोरीत कोसळली. पुढचा पाय मोडल्याचा आवाज फटाक्यांच्या आवाजातसुद्धा ऐकू आला.

आठवडाभर ती गोठ्यात पडून ओरडत होती. ज्या दिवशी आवाज थांबला, त्या दिवशी आण्णानं कृष्णातला मनगटाला धरून गोठ्यात नेलं, त्याचा उजवा हात दगडी दावणीवर ठेवला, आणि खुंटा ठोकायची मोगरी उचलली. तोंडातनं एक शब्द नाही. कृष्णात अंगानं काही कमी नव्हता, तालमीतला होता. पण त्यानं हात ओढून घेतला नाही.

हात टॉवेलात गुंडाळून तो दुपारच्या एस्टीनं कोल्हापूरला आला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. कोल्हापुरात आल्यावर मात्र कृष्णातचं तोंड परत सुटलं, ते आजतागायत सुटलेलंच होतं.

ठरलेल्या दिवशी दोघं एम-ऐंशीवरनं कुरणवाडीत पोचले, तेव्हा उजाडलं होतं आणि रांग दूध संस्थेच्या दारापासनं हापशापर्यंत गेली होती. साहेब खुर्ची टाकून बसले होते. आदल्या दिवशी पुण्याचं मशीन टँकर यायच्या आत झालं होतं, ही बातमी रांगेतनंच त्यांच्यापर्यंत आली.

आण्णा टेबलामागं बसला होता. आक्काताई, म्हणजे त्याची बायको, माप ओतायला शेजारी उभी. आण्णानं मान वर केली, एम-ऐंशी स्टँडला लावणाऱ्या माणसाकडं बघितलं, आणि उठला. शांतपणे रांगेला वळसा घालून आला, आणि कृष्णातच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की कृष्णात रिकाम्या किटल्यांच्या ढिगात उताणा पडला. किटल्या चारी दिशांना गडगडल्या. एक कुत्रं केकाटत पळालं, त्याला काही लागलं नसतानासुद्धा.

साहेब खुर्चीवरनं उठले. "अहो! अहो, हे काय?"

कृष्णातनं किटल्यांतनं डोकं वर काढलं. ओठ फुटला होता.

"कायबी न्हाय साहेब. आमचं थोरलं बंधू हायत. आमच्याकडं असाच रामराम घालत्यात."

बुद्धभूषणनं त्याला हात देऊन उठवलं आणि कानाशी लागून विचारलं, "मामा, तुमचं जुनं गिऱ्हाईक ते हेच?"

"व्हय. सगळा कीबोर्ड ह्याच्याच शिव्यांवर बसलाय. चल, मशीन दे त्याला."

आण्णा परत टेबलामागं जाऊन बसला होता. जणू वाटेतली माशी मारून आला. बुद्धभूषणनं मशीन समोर ठेवलं, भाषा बदलायचं बटण दाखवलं, कुठलं अक्षर कुठं ते सांगितलं. आण्णानं ऐकून घेतलं. ऐकताना तो बुद्धभूषणकडं बघत होता, आणि त्याच्यामागं भिंतीला टेकून ओठ पुसणाऱ्या माणसाकडं बघत नव्हता.

"करा सुरू," साहेब म्हणाले.

आण्णानं मशीन उजव्या हातात धरलं. त्याचा उजवा अंगठा रबरी पट्टीवर उतरला, आणि तिथं काहीच नव्हतं. अंगठा डावीकडं ताणला तर मशीन हातातनं सटकायला लागलं. पहिलं नाव विठाबाईचं. व काही मिळेना, दुसरंच बटण दाबलं गेलं, ते पुसायला गेला तर सगळंच पुसलं. विठाबाई किटली कमरेवर घेऊन उभी होती.

"काय रं बाळासो, माझं नाव इसरलास काय? तुझ्या लग्नात तुला हळद लावल्याली मी."

"गप उभारा मावशी."

दुसरं नाव त्याहून हळू. तिसऱ्याला मशीन टेबलावर आपटलं. रांग मागनं दाबायला लागली.

"बेगा बेगा!" मागनं मल्लाप्पा ओरडला. "टँकर येतंय, आमचं दूध नासतंय!"

"नासू दे की! काल लई पळत हुतास पुन्याच्या मशीनकडं," पुढनं कुणीतरी म्हणालं.

मल्लाप्पानं त्याला ढकललं. त्यानं मल्लाप्पाच्या किटलीला लाथ घातली. दूध विठाबाईच्या लुगड्यावर उडालं, आणि विठाबाईनं कोण, काय, काही न विचारता हातातली भरली किटली गरकन फिरवली. ती तिसऱ्याच माणसाच्या कपाळावर बसली. मग रांग राहिलीच नाही. झाकणं फिरली, बुक्क्या बसल्या, कुणाचा तरी सदरा उभा फाटला. बुद्धभूषण सोडवायला म्हणून मधे गेला आणि दोन्ही बाजूंच्या खाऊन बाहेर आला. साहेबांनी खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि घड्याळात बघितलं.

"हे काही जमत नाही," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. बुद्धभूषणनं ते ऐकलं आणि नाकातनं येणारं रक्त पुसायचं थांबला.

"ये ऽऽ!"

आण्णाच्या एका आरोळीनं सगळं होतं तिथं थिजलं. रांग परत रांगेसारखी झाली. कपाळ फुटलेला माणूस आपल्या जागी जाऊन उभा राहिला, जागा जाऊ नये म्हणून.

आण्णानं मशीन डोळ्यांजवळ नेलं. अंगठा उजव्या पट्टीवरनं एकदा वर, एकदा खाली फिरवला.

"हिकडं का कायच न्हाय?" त्यानं बुद्धभूषणला विचारलं.

बुद्धभूषणला थापा मारता येत नव्हत्या. "आमच्याकडं टाइप करून बघणारा माणूस एकच हाय. त्याचा उजवा अंगठा चालत न्हाय. जिथं त्याला पोचता आलं न्हाय, तिथनं आम्ही बटन काढलं."

"कशानं चालत न्हाय?"

"प्रेसमध्ये सापडला."

आण्णानं मान वळवली. मशीन हातात घेतल्यापासनं पहिल्यांदाच त्यानं भिंतीला टेकलेल्या कृष्णातकडं बघितलं.

"हात भाईर काढ."

"का? दुसराबी पायजे काय?" कृष्णात हसून म्हणाला. फुटलेल्या ओठामुळं ते हसणं एका बाजूलाच राहिलं.

"काढ म्हंतो न्हवं."

कृष्णातनं खिशातनं हात काढला. कुणाला दाखवायला म्हणून नाही. शर्टाच्या बाहीवर लागलेलं दूध झटकायला काढावा, तसा काढला, झटकला, आणि तसाच लोंबत राहू दिला. आक्काताईच्या हातातलं माप वाकडं झालं आणि दूध टेबलावर सांडलं. तिनं ते पदरानं पुसलं.

आण्णानं तो हात शेवटचा बघितला होता तो दावणीवर.

रस्त्याकडनं लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला. आण्णानं मशीन टेबलावर ठेवलं, उजवा तळवा विजारीला खसाखस पुसला, अंगठा आत दुमडून मूठ वळली, आणि ती मूठ मांडीवर ठेवली. मग मशीन डाव्या हातानं उचललं.

"विठाबाई," तो म्हणाला. "या पुढं."

डावा अंगठा आधी चाचपडला. मग त्याला वाट सापडली. व, ठ, ब, सगळी एका वाटेत होती. लुगड्यावरचं दूध निपटत असलेल्या विठाबाईचं नाव पडद्यावर उमटलं. पुढं एक मराठी, एक मराठी. मल्लाप्पा आला तेव्हा आण्णानं भाषा बदलायचं बटण दाबलं आणि त्याच बटणांनी मल्लाप्पाचं नाव कानडीत उठलं. मल्लाप्पानं पडद्यात वाकून बघितलं, आणि मघाशी ज्याला ढकललं होतं त्याला खांद्याला धरून पुढं ओढलं, की बघ म्हणून. त्यानं बघितलं. नाव वाचता आलं नाही, तरी मान हलवली.

रांग हलत होती. आक्काताई माप ओतत होती, आण्णाचा डावा अंगठा फिरत होता. साहेब खुर्ची घेऊन परत जवळ आले. हॉर्न आता हापशाजवळ वाजला, आणि टँकर वळणावर दिसला, तेव्हा टेबलासमोर एकच म्हातारी उरली होती. तिचं नाव घालून आण्णानं मशीन बुद्धभूषणपुढं सरकवलं.

"झालं."

साहेबांनी पडद्यावरची नावं खालपर्यंत सरकवून बघितली.

"छान. डाव्या हातानं काम होतं, उजवा माप धरायला मोकळा राहतो. चांगली कल्पना आहे." मग त्यांना काहीतरी आठवलं. "बाळासो, पण तुम्ही डावखुरे होता काय?"

"मी न्हाय. मशीन हाय."

साहेब हसले आणि बुद्धभूषणच्या पाठीवर थाप मारली. लेखी कळवतो, असं म्हणाले. बुद्धभूषणला हसायचं होतं, पण त्याचं लक्ष आण्णाच्या मांडीवर होतं. माप सगळा वेळ आक्काताईच ओतत होती. उजव्या हाताला काही कामच नव्हतं, तरी मूठ तशीच वळलेली होती. रांग संपली, टँकरमध्ये दूध चढलं, साहेबांची जीप धूळ उडवत गेली, तरी आतला अंगठा बाहेर आला नव्हता.

आक्काताई चहा घेऊन आली. कृष्णातला कप देताना तिनं कपाचा कान त्याच्या डाव्या हाताकडं फिरवून धरला.

"घ्या भावजी. साखर कमी हाय, तोंड फुटलंय म्हणून."

"तोंड फुटलंय म्हणून साखर कमी? कुटल्या डाक्टरानं सांगितलं वहिनी?"

"मी सांगितलं. गप प्या."

कृष्णात पायरीवर बसून चहा प्यायला लागला. मागं आण्णा टेबल धूत होता. डाव्या हातानं तांब्या ओतायचा, डाव्याच हातानं फडका फिरवायचा. एकदा तांब्या हातातनं सुटला, तेव्हा स्वतःलाच एक शिवी दिली. कृष्णातनं ती ओळखली. मशीनवर कितीतरी वेळा टाइप केलेली.

"मैनाची रेडी ऱ्हायली मागं," आण्णा टेबलाला म्हणाला. "म्हैस झालीया आता."

"पळती काय?"

"कोन पळवतंय."

एवढंच. कृष्णातनं कप पायरीवर पालथा घातला आणि उठला. बुद्धभूषण मशीन पोटाशी धरून एम-ऐंशीवर मागं बसला. त्याच्या नाकात आक्काताईनं कापसाचा बोळा घातला होता, त्यामुळं तो तोंडानं श्वास घेत होता.

"मामा, पास झालो आपण. जाताना आता काय बोलू नका. तुमच्या पाया पडतो."

"न्हाय बोलत."

कृष्णातनं गाडी चालू केली, दूध संस्थेच्या कोपऱ्यापर्यंत नेली, आणि तिथं पाय टेकून थांबला. एकदा मागं वळून बघितलं. मग मान वर केली आणि घशाच्या तळातनं ती लांब हाळी काढली. हुबेहूब आण्णाची.

घरामागच्या गोठ्यातनं म्हशीनं हंबरून ओ दिली.

पुढच्याच क्षणी किटलीचं झाकण सणाणत आलं, कृष्णातच्या कानापासनं हातभर लांबनं गेलं आणि लिंबाच्या बुंध्यावर आदळून रस्त्यावर गोल गोल फिरत बसलं.

"मामा!" बुद्धभूषण त्याच्या पाठीला चिकटला. "वाचलासा! तुमीच मशीनवर लिवत हुता न्हवं, त्यांचा नेम कधी चुकत न्हाय?"

कृष्णातनं आरशात बघितलं. आण्णा दारात उभा होता. फेकलेला हात अजून हवेतच होता. डावा.